आकड्यांची कुळकथा

बीएस्सीच्या मुलांना संख्याशास्त्र भेटतं ते पाहुण्यासारखं. मुलं आलेली असतात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला. वेळापत्रकात मध्येच हा एक पेपर निघतो. त्याचा क्रमही ठरलेला. आधी सरासरी, मध्यक, बहुलक. मग प्रमाण विचलन. मग घंटेच्या आकाराचा तो प्रसामान्य वक्र. आणि वर्ष संपता संपता टी-चाचणी आणि काय-वर्ग चाचणी. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये गणिताचा शेवट एकाच वाक्यानं होतो: काढलेली किंमत कोष्टकातल्या किमतीपेक्षा जास्त आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली. हे वाक्य इतकं पाठ असतं की गणित चुकलं तरी वाक्य चुकत नाही.

मी हा विषय काही वर्षं शिकवला, तोही विज्ञानाच्याच मुलांना. त्यांतली चौकस मुलं एक प्रश्न हमखास विचारायची: "मॅडम, पाच टक्केच का? चार का नाही?" प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. पण दुसरा एक प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला: "गणितात दिलेले हे दहा आकडे आले कुठून?" मुलांचा दोष नाही. पुस्तकात आकडे आयते येतात. 'एका शेतकऱ्यानं दहा वाफ्यांत अमुक खत घातलं' असं म्हणून खाली ओळीनं दहा संख्या. तो शेतकरी कोण, वाफे कुणी निवडले, धान्य कुणी तोललं, हे विचारायची सोयच नसते.

गंमत अशी की हा अभ्यासक्रम ज्यांच्या कामातून घडला, ती माणसं आयुष्यभर हा दुसराच प्रश्न विचारत होती. सूत्रं त्यांना त्या वाटेवर सापडली. आपण सूत्रं ठेवली आणि वाट पुसून टाकली. ती वाट डब्लिनच्या एका मद्यालयातून निघते आणि सातारा-पुण्यामार्गे आपल्या गावच्या पीक विम्यापर्यंत येते, म्हणून ती सांगावीशी वाटते.

*

विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकलेला माणूस. १८९९ साली तो डब्लिनच्या गिनीज कंपनीत नोकरीला लागला. गिनीज म्हणजे काळी बियर बनवणारा प्रचंड कारखाना. तिथे जवाचं कुठलं वाण चांगलं, हॉप्सचा दर्जा कसा ओळखायचा, माल्ट किती उतरलं, असे रोजचे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला प्रयोग करावा लागे, आणि प्रयोग महाग. जवाच्या एका वाणाची चाचणी म्हणजे एक अख्खा हंगाम आणि काही मोजकी शेतं. हाताशी आकडे किती? चार, सहा, फार तर दहा.

त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांचं होतं. लंडनमध्ये कार्ल पीअर्सनच्या प्रयोगशाळेत शेकड्यांनी, हजारांनी मोजमापं घेत. एवढे आकडे असले की नमुन्यावरून काढलेलं प्रमाण विचलन खऱ्या विचलनाच्या जवळपास असतं, त्यामुळे निश्चिंतपणे वापरता येतं. पण चारच आकडे असतील तर? तेव्हा सरासरीही डगमगते आणि तिच्या डगमगण्याचं माप म्हणून आपण जे विचलन काढतो, तेही डगमगतं. म्हणजे माप घ्यायची पट्टीच रबराची. गॉसेटला हीच अडचण भेडसावत होती. १९०६-०७मध्ये तो पीअर्सनकडे शिकायला गेला आणि १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्याचा लेख आला. गिनीजच्या नोकरांना स्वतःच्या नावानं संशोधन छापायची मुभा नव्हती, म्हणून लेखाखाली नाव होतं 'स्टुडंट'. आपल्या जर्नलमधली 'स्टुडंट्स टी-टेस्ट' ती हीच. हे नाव विद्यार्थ्यांसाठी ठेवलेलं आहे असा पुष्कळ मुलांचा समज असतो.

गॉसेटनं सूत्र काढलं खरं, पण त्यातल्या एका पायरीची सिद्धता त्याला देता आली नव्हती. तिथे त्यानं अंदाज बांधला होता. मग पडताळा कसा घ्यायचा? त्यानं ३००० कैद्यांच्या उंचीची आणि डाव्या मधल्या बोटाच्या लांबीची छापून आलेली मापं घेतली, ३००० पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी नीट पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी आणि विचलन काढून त्यांचं वितरण आपल्या सूत्राशी ताडून पाहिलं. संगणक नसताना केलेलं हे काम आहे. मला ते कुठल्याही सिद्धतेपेक्षा जास्त शिकवून जातं: सरासरी किती डगमगते हे पाहायचं असेल तर पुन्हा पुन्हा नमुना काढून पाहा.

त्याच लेखात गॉसेटनं एक उदाहरण दिलं. अमेरिकेत मिशिगनमधल्या मनोरुग्णालयात रुग्णांना झोपेची औषधं देऊन झोप किती वाढली ते मोजलं होतं. त्यातल्या दहा जणांचे आकडे त्यानं घेतले. पहिल्या औषधानं सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्यानं २.३३ तास. आता हे आकडे वीस वेगवेगळ्या माणसांचे आहेत असं समजून टी-चाचणी केली, तर किंमत येते १.८६, कोष्टकात हवी २.१०. म्हणजे जर्नलच्या भाषेत 'फरक सार्थ नाही'. पण दोन्ही औषधं त्याच दहा माणसांना दिली होती. कुणाची झोप मुळातच वाढणारी, कुणाची कशानंच न वाढणारी. म्हणून प्रत्येकाच्या दोन आकड्यांमधला फरक काढायला हवा. दहांपैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधानं जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच. या दहा फरकांची सरासरी १.५८ तास आणि टी येते ४.०६, कोष्टकात हवी २.२६. फरक ठसठशीत.

आकडे तेच वीस. उत्तर उलटं. आणि कुठली चाचणी वापरायची हे त्या वीस आकड्यांकडे टक लावून पाहिलं तरी कळत नाही. ते कळतं फक्त 'हे आकडे आले कुठून' हे विचारल्यावर.

या उदाहरणाला एक शेपूट आहे. गॉसेटच्या लेखात औषधांची नावं चुकीची पडली. पुढे रॉनल्ड फिशरनं आपल्या पुस्तकात हेच उदाहरण घेतलं आणि नावांची चूकही सोबत उतरली. कित्येक दशकं ती तशीच चालली. टीची किंमत मात्र या सगळ्या काळात ४.०६च होती. औषधाचं नाव बदललं तरी सूत्राला त्याचा पत्ता लागत नाही.

*

फिशर १९१९ साली रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आला. हे केंद्र लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायरमध्ये. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३पासून दरवर्षी गहू पेरून वेगवेगळ्या खतांचा परिणाम नोंदवत होते. पाऊणशे वर्षांचे आकडे वह्यांत साठलेले. ते उपसताना फिशरच्या लक्षात आलं की प्रयोग आधी करून मग संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं उशिराचं असतं. जमिनीचा कस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलतो. एक खत चांगल्या टोकाला पडलं तर श्रेय खताचं की मातीचं? यावर त्याचा उपाय: कुठल्या वाफ्यात काय पडणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे मातीचा पक्षपात कुणा एकाच्या वाट्याला जाणार नाही. हल्ली औषधांच्या चाचण्यांमध्येही रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होते. तिचं मूळ या वाफ्यांत आहे.

१९२५ साली फिशरनं संशोधकांसाठी पुस्तक लिहिलं. त्याच्या १४ आवृत्त्या निघाल्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शिकवायचं संख्याशास्त्र कसं असावं, याचा साचा त्यातूनच पडला. पाच टक्के आले तेही इथून. प्रसामान्य वक्रावर सरासरीपासून साधारण दोन प्रमाण विचलनांपलीकडे वीसात एकदाच जायला होतं. ही सीमा धरायला सोयीची आहे, एवढंच त्याचं म्हणणं. त्यामागे निसर्गाचा नियम नाही की गणिताचं प्रमेय नाही. पुढे १९५६च्या पुस्तकात तर त्यानं बजावलं की कुठलाही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं, सगळ्या प्रश्नांना एकच ठरीव पातळी लावत नसतो. तोवर कोष्टकं छापून झाली होती, आणि कोष्टकांत पाच टक्क्यांचा रकाना होता.

फिशरची चहाची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. रोदॅमस्टेडमधल्या एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. फिशरनं यावर १९३५च्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण बेतलं. आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठांतून चार निवडायच्या ७० तऱ्हा. नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर येण्याची शक्यता ७०मध्ये एक. सहाच कप घेतले असते तर तऱ्हा २०, म्हणजे बरोब्बर पाच टक्के. वर्गात मी ही गोष्ट सांगायचे तेव्हा मुलं चटकन 'सत्तरात एक' काढून मोकळी व्हायची. पण प्रकरणातला बराचसा मजकूर कप कसे मांडायचे याबद्दल आहे. सगळे आधी-दुधाचे कप जास्त गरम राहिले, तर बाई चव ओळखतायत की ऊब?

या घराण्याच्या माजघरात एक अंधारी खोलीही आहे आणि ती उघडून दाखवायला हवी. सहसंबंध आणि समाश्रयण ज्याच्या कामातून आले तो फ्रान्सिस गाल्टन, पीअर्सन आणि फिशर, तिघेही सुप्रजननवादी होते. माणसांची 'पैदास' सुधारली पाहिजे असं मानणारे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातलं प्राध्यापकपद, जे आधी पीअर्सनकडे आणि १९३३पासून फिशरकडे होतं, त्याचं नावच सुप्रजननाचं होतं. सूत्रं त्यानं खोटी ठरत नाहीत. पण कुणाला मोजायचं आणि कशासाठी, हे सूत्राबाहेर ठरतं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

*

आता इकडे येऊ. ज्या काळात रोदॅमस्टेडला गव्हाचे वाफे मोजत होते, त्या काळात आपल्याकडे पीक कसं मोजत? डोळ्यांनी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. यंदा बारा आणे, यंदा सहा आणे. ही आणेवारी. अंमलदार शिवारावरून नजर फिरवून ती ठरवत आणि सारा माफ होणार की नाही हे त्यावर अवलंबून. १९१८चा खेडा सत्याग्रह हा खरं तर एका अंदाजावरून झालेला लढा आहे. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब करायची असा नियम. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणे वर आहे. सारा ज्याला घ्यायचा आहे त्याचाच डोळा मोजणार, मग आकडा कुणाचा खरा?

डोळ्याच्या जागी विळा आणि तराजू आणायचा प्रयत्न बिहार-ओरिसात हबक नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं १९२०च्या दशकात केला. यदृच्छेनं जागा निवडायची आणि तेवढ्या तुकड्यातलं भात कापून तोलायचं. ही कल्पना पुढे दोन माणसांनी देशभर नेली, आणि नेताना दोघं कडाकडा भांडले.

एक प्रशांतचंद्र महालनोबिस. भौतिकशास्त्र शिकलेले, १९१५ साली केंब्रिजहून परतताना 'बायोमेट्रिका'चे अंक घेऊन आलेले, १९३१ साली कलकत्त्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढणारे. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला, मग १९३३ ते ३६ लंडनला. ते पोहोचले तेव्हा कार्ल पीअर्सनच्या निवृत्तीनंतर त्याच्या विभागाच्या दोन वाटण्या झाल्या होत्या: एक फिशरकडे, दुसरी पीअर्सनच्या मुलाकडे, एगॉनकडे. एगॉनकडे पोलंडहून येर्झी नेमन आला. नेमन आणि फिशर यांचं हाडवैर पुढे जगजाहीर झालं. परिकल्पना तपासायची म्हणजे काय, यावरच दोघांचे मार्ग वेगळे. आपल्या जर्नलमध्ये मात्र फिशरचं पी-मूल्य आणि नेमन-पीअर्सनची 'स्वीकारली किंवा नाकारली'ची भाषा एकाच ओळीत सुखानं नांदते. मुलांचा गोंधळ उडतो तो काही अंशी या जुळवलेल्या सोयरिकीमुळे.

सुखात्मे नेमनकडून सर्वेक्षणाचं, म्हणजे नमुना निवडण्याचं शास्त्र शिकले आणि १९४०पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. बंगालच्या दुष्काळाचं ते दशक; देशात धान्य किती पिकतं याचा खात्रीचा आकडा नसणं म्हणजे काय, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

वादाचा मुद्दा होता कापणीचा तुकडा किती मोठा घ्यायचा. महालनोबिसांचा कल लहान गोल तुकड्यांकडे: तुकडा लहान असला की खर्च कमी, जास्त ठिकाणी कापता येतं, आणि नमुना जितका मोठा तितकी सरासरी स्थिर. त्यासाठी वेगळी प्रशिक्षित माणसं नेमावीत, असं त्यांचं म्हणणं. सुखात्मे परिषदेच्या कामात ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा, एकराच्या ऐंशीव्या हिश्शाचा तुकडा वापरत, आणि कापणी महसूल किंवा कृषी खात्यातल्या असलेल्याच माणसांकडून करून घेत. त्यांनी लहान-मोठ्या तुकड्यांची तुलना करून दाखवलं की तुकडा लहान झाला की उत्पन्न फुगतं.

का फुगतं? दोरीवर उभं असलेलं रोप आत की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. लबाडीनं नव्हे, विळा तिथवर आलेलाच असतो. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घ्या: क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट, परीघही साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटाला एक फूट कड. ३३ बाय साडेसोळाच्या तुकड्यात ५४४.५ चौरस फुटांना ९९ फूट कड, म्हणजे दर चौरस फुटाला ०.१८ फूट. कडेवरच्या रोपांची चूक लहान तुकड्यात पाचपटीहून जास्त बोलते.

प्राथमिक संख्याशास्त्रातला सगळ्यात मोलाचा धडा मला इथे दिसतो. चुका दोन जातींच्या. एक डगमगीची: कधी वर, कधी खाली. ती नमुना वाढवला की वर्गमुळाच्या हिशेबानं घटते. चौपट नमुना, निम्मी चूक. दुसरी एकाच बाजूला ओढणारी. हजार तुकडे कापले आणि प्रत्येकात कडेची दोन रोपं जास्त आली, तर सरासरी अगदी स्थिर येते, आणि स्थिरपणे चुकीची येते. आपला सगळा अभ्यासक्रम पहिल्या चुकीवर खर्च होतो, कारण तिला सूत्र आहे.

सुखात्म्यांनी इंदूरला कापसावर काम केलेल्या विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत शेतीतल्या संशोधकांसाठी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं. ते १९५४ साली कृषी संशोधन परिषदेनं काढलं. कृषी विद्यापीठातला कुठलाही जुना प्रबंध उघडा, 'सामग्री आणि पद्धती'च्या प्रकरणात 'पानसे आणि सुखात्मे' ही जोडी भेटतेच. फिशरचा साचा इथल्या मातीत त्यांनी रुजवला. पण कडेच्या रोपाची गोष्ट प्रबंधांमधून सहसा पुढे येत नाही. पुढे येते ती विचरण विश्लेषणाची तक्ता-पद्धत.

*

सुखात्मे १९५१ ते ७० रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेत होते. मग पुण्याला परतले आणि तिथे त्यांची गाठ पडली दुसऱ्या सातारकराशी. विनायक महादेव दांडेकर, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. १९७१ साली दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवून देईल एवढा खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, ही त्यांची रेषा.

सुखात्म्यांचा आक्षेप बीएस्सीच्या पहिल्या सत्रातला होता. २२५० ही सरासरी आहे. गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाची दिवसागणिक बदलते. सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी म्हटलं तर धडधाकट माणसंही त्यात मोजली जातील. रेषा हवी ती सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून. समजा विचलन सरासरीच्या १५ टक्के धरलं, तर २२५०मधून ६७५ गेले, उरले १५७५. एवढ्या वजाबाकीनं कोट्यवधी माणसं उपाशांच्या यादीतून बाहेर पडतात. टीकाकार विचारत: कमी खाऊन निभावणारं शरीर निरोगी आहे, की खुरटून तेवढ्यात भागवायला शिकलेलं? वाद बरीच वर्षं चालला. प्रमाण विचलन कसं काढायचं यावर दुमत नव्हतंच. जो फरक मोजतोय तो निसर्गानं दिलेला की गरिबीनं, यावर होतं. हा प्रश्न विचलनाच्या सूत्रात कुठेच लिहिलेला नसतो. मी स्वतः टीकाकारांच्या बाजूची आहे. पण सरासरी म्हणजे उंबरठा नव्हे, ही सुखात्म्यांची पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही, हेही मला मान्य आहे.

आणि तरी या दोघांची कामं एका जागी येऊन जुळली. दांडेकरांनी १९७६ साली पीक विम्याचा आराखडा मांडला. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान स्वतंत्र मोजणं अशक्य. मोजलं तरी भांडणं आणि लबाडी. तेव्हा एका भागाचं सरासरी उत्पन्न मोजा, ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर त्या भागातल्या सगळ्या विमेदारांना एकाच दरानं भरपाई द्या. १९७९ची प्रायोगिक योजना, १९८५ची सर्वंकष योजना आणि २०१६ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा कणा हाच. आणि भागाचं सरासरी उत्पन्न मोजायचं कशानं? पीक कापणी प्रयोगानं. म्हणजे दांडेकरांची इमारत सुखात्म्यांच्या जोत्यावर उभी.

२०१६च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग. गाव चिठ्ठीनं, शेत चिठ्ठीनं, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं जायचं तेही चिठ्ठीनं. इथे मुलांचं जर्नल उघडावं. समजा शेताशेतांमधलं प्रमाण विचलन सरासरीच्या ३० टक्के आहे, जे कोरडवाहू भागात मुळीच जास्त नाही. १०चं वर्गमूळ ३.१६, सरासरीची प्रमाण त्रुटी साडेनऊ टक्के. नमुना दहाचा, म्हणून कोष्टकातली किंमत २.२६, हीच किंमत गॉसेटच्या दहा रुग्णांसाठी वापरली होती. गुणाकार केला की उत्तर येतं २१. म्हणजे प्रत्येक माणसानं प्रामाणिकपणे काम केलं तरी मंडळाचा आकडा २१ टक्के इकडे-तिकडे असू शकतो.

आता दुसरी चूक. समजा उंबरठा उत्पन्न हेक्टरी १००० किलो आणि यंदा खरोखर पिकलं ८००. भरपाई विमा रकमेच्या २० टक्के. पण दोरी सैल धरली, कडेची रोपं आत आली, बरा कोपरा पाहून तुकडा घेतला, आणि आकडा दहा टक्क्यांनी फुगून ८८० झाला. भरपाई १२ टक्के. दहा टक्के फुगवट्यानं शेतकऱ्याच्या हक्काच्या पैशातले चाळीस टक्के गेले. उंबरठ्याचा आकडाही तितक्याच फुगलेल्या जुन्या कापण्यांतून आला असेल तर चुका एकमेकींना खातील. यंदा मोजणारा हात तेवढा बदलला असेल तर नाही खाणार. कोणती टी-चाचणी हे सांगेल? कुठलीच नाही. ते पाहायला कापणीच्या दिवशी बांधावर उभं राहावं लागतं. या प्रयोगांना गावातली माणसं हजर राहू शकतात, पंचनाम्यावर सही करू शकतात, हे त्या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात संख्याशास्त्रीय कलम आहे असं मी म्हणेन.

आमच्या वर्गातली बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची असायची. त्यांच्या बापाच्या खात्यात किती पैसे येणार हे दहा तुकड्यांच्या सरासरीवर ठरत होतं, आणि ती मुलं माझ्यासमोर दहा आकड्यांची सरासरी काढत बसलेली असायची. हे दोन्ही एकच आहे हे समजायला त्यांना फिशर किंवा नेमन लागत नाही. मंडळातल्या गेल्या वर्षीच्या कापणीचे दहा आकडे फळ्यावर लिहायचे, आणि सरासरी काढायच्या आधी विचारायचं: दोरी कुणी धरली होती?